दोन वर्षांचे शिक्षण की चार वर्षांचे?

तुमसर तालुक्यातले चिखला हे खाणीचे गाव. इथे जमिनीखालून मँगनीज काढतात. पोलाद कणखर करायला ते लागते.

खाणीत नुसत्या कुदळ-फावड्याने भागत नाही. पाणी उपसायला पंप हवा. हवा खेळवायला पंखा हवा. यंत्र अडले की फिटर लागतो, वीज अडली की इलेक्ट्रिशियन. ही कामे आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, शिकवतात. कारागीर घडवण्याची ही योजना सरकारने १९५० साली सुरू केली.

दहावी झाली की घरात बोलणे निघते. पोरगा म्हणतो, इंजिनिअर व्हायचे. आई म्हणते, "आयटीआय कर. दोन सालांत हाताले काम भेटन."

आई चुकली का? आपण हिशेब मांडू. इंजिनिअरच्या पदवीला आधी बारावी, म्हणजे दोन वर्षे. मग कॉलेजची चार. झाली सहा वर्षे. तोवर फी, खोलीभाडे, खानावळ. धान एक साल बुडाले तर पैसा आणायचा कुठून? उलट फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत तयार होतो, वेल्डर एका वर्षात. पुढे शिकाऊ उमेदवार म्हणून जागा मिळाली, तर शिकताना विद्यावेतनही मिळते. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे.

म्हणून हुशार मुलेही ही वाट धरतात. ती कमी डोक्याची म्हणून नव्हे. घराला लवकर आधार हवा म्हणून.

पण पुष्कळांना वाटते, आयटीआय केली की पुढचे दार बंद. तसे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य अभ्यासक्रम केला, तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. तिथे दोन वर्षांत पदविका. मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तिथे तीन वर्षे. एकूण सात वर्षे झाली. सरळ वाटेपेक्षा एकच जास्त! आणि मध्ये कुठे थांबावे लागले, तरी हातात हुन्नर राहतो.

मग आम्ही काय सांगतो? पोराला विचारा, पोरीलाही विचारा. पोरीही फिटर, इलेक्ट्रिशियन होतात. कॉलेजचीच ओढ असेल तर आधी शिष्यवृत्तीची चौकशी करा. संस्थेला सरकारी मान्यता आहे ना, ते पाहूनच पैसे भरा. प्रमाणपत्र जपून ठेवा. वाट लहान निवडली तरी चालेल. ती पुढे कुठे जाते, ते मात्र आधी माहीत हवे.