दिवसा दगड, रात्री कंदील

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातलं पेरेलमन परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर सप्टेंबर २०२३मध्ये रसिकांसाठी खुलं झालं.

भिंती : पोर्तुगालहून आणलेल्या संगमरवराचे सुमारे ५,००० पातळ तुकडे, जाडी जेमतेम अर्धा इंच, दोन्ही बाजूंनी काच. दिवसा इमारत मुक्या ठोकळ्यासारखी दिसते. संध्याकाळी आतले दिवे लागले, की दगडातल्या शिरा उमटतात आणि सगळी वास्तू आकाशकंदिलासारखी पिवळसर उजळते.

रंगमंच : तीन नाट्यगृहं, आसनं ४५०, २५० आणि ९९. मधल्या भिंती सरकवून, जमीन वर-खाली करून साठाहून अधिक रचना साधतात.

आवाज : खालून भुयारी रेल्वे धावते. तिची थरथर प्रयोगात येऊ नये, म्हणून नाट्यगृहं रबराच्या जाड थरांवर टेकवली आहेत.

लॉबीत तिकिटाशिवायही जाता येतं. तिथल्या छोट्या मंचावर मोफत कार्यक्रमही होतात.