भाड्याच्या घराचे कागद

वार्षिक परीक्षा संपली, की ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या भागांतील रस्त्यांवर घरसामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. कपाट, गाद्या, पाण्याचे पिंप आणि सामानात कशीबशी बसलेली मुले! एखादे कुटुंब जुने घर सोडून नव्या घराकडे निघालेले असते. १८५४ साली रेल्वे ठाण्यापुढे कल्याणपर्यंत आली. पुढे मुंबईत कामाला जाणारी असंख्य कुटुंबे या मार्गावर वसली. त्यांतील अनेक कुटुंबे आजही भाड्याच्या घरांत राहतात.

भाड्याने घर घेण्यासाठी केवळ पैसे असून भागत नाही. कागदपत्रेही लागतात. घरातील मोठी माणसे घर शोधत असतात, तेव्हा हे कागद जुळवण्याचे आणि वाचण्याचे काम आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलांवर येते. म्हणून या कामाची माहिती आपल्याला हवी.

प्रथम घर घेणाऱ्याचे कागद पाहू. आधार कार्ड आणि पॅन कार्ड ही ओळखीची दोन मुख्य कागदपत्रे होत. त्यांबरोबर सध्याच्या पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. नोकरी करणारा माणूस पगाराची पावती किंवा कंपनीचे ओळखपत्र दाखवतो. दुकानदार गुमास्ता परवाना दाखवतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याजवळ असा कागद नसतो. त्याला बँकेच्या पासबुकातील नोंदी उपयोगी पडतात. आधीच्या घराचा करारनामा असेल तर तोही जवळ ठेवावा. करारावर सही करण्यासाठी दोन साक्षीदार लागतात. त्यांचीही ओळखपत्रे लागतात.

या सर्व कागदांवरील नाव सारखे आहे का, हे आधी तपासावे. आपल्या वस्तीत येथेच मोठी अडचण येते. 'मोहम्मद' हे नाव उर्दूत एकाच रीतीने लिहितात. रोमन लिपीत मात्र कोणी त्यात 'ओ' घालतो, कोणी 'यू' घालतो, तर कोणी नुसती 'एम' आणि 'डी' ही दोनच अक्षरे लिहितो. आईच्या एका कागदावर 'बेगम' असते, दुसऱ्यावर नसते. माणूस एकच, पण कागद त्याला दोन माणसे ठरवतात! असा फरक दिसला, तर घर शोधण्याच्या आधीच दुरुस्तीचा अर्ज करावा. नावच बदलायचे असेल, तर त्याची नोंद राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येते. या कामाला वेळ लागतो. टेम्पो दाराशी उभा असताना ते होत नाही.

काही घरमालक नाव किंवा धर्म ऐकूनच घर नाकारतात. तो अन्याय कागदांनी दूर होत नाही. परंतु कागद अपुरे असल्याचे निमित्त तरी कोणाला मिळू नये.

आता दुसरी बाजू पाहू. घरमालक आपले कागद पाहतो, तसे आपणही त्याचे कागद पाहायला हवेत. घर त्याचेच आहे का? खरेदीखत, नोंदणी कार्यालयाकडून मिळालेली सूची क्रमांक २, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल यांवरून हे कळते. मालक परगावी असेल आणि त्याच्या वतीने दुसरा कोणी सही करणार असेल, तर त्याच्याजवळ कुलमुखत्यारपत्र असले पाहिजे. घर गृहनिर्माण संस्थेत असेल, तर संस्थेचे नियमही आधीच विचारून घ्यावेत.

इमारतीचीही चौकशी करावी. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मरण पावली. इमारतीचे बांधकाम पूर्ण झालेले नव्हते, तरीही तेथे कुटुंबे राहायला आली होती. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बांधकामाच्या बनावट परवानग्या वापरल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्या इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. 'सी-१' या वर्गातील इमारत अतिधोकादायक असते. ती रिकामी करावी लागते. भाडे कमी आहे एवढ्यावरच खूश न होता या यादीत इमारतीचे नाव नाही ना, हे पाहावे.

दोन्ही बाजूंचे कागद पटले, की करार होतो. आपल्याकडे बहुधा अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. ते खोटे असल्यास तसे मालकाला सिद्ध करावे लागते.

नोंदणीला फार खर्च येतो, असा पुष्कळांचा समज आहे. थोडा हिशेब करून पाहू. समजा, महिन्याचे भाडे १०,००० रुपये आणि परत मिळणारी अनामत रक्कम ५०,००० रुपये आहे. अकरा महिन्यांचे भाडे १,१०,००० रुपये होते. अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के दराने अकरा महिन्यांचे व्याज धरतात. ते सुमारे ४,५८३ रुपये होते. या दोहोंच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे सुमारे ३०० रुपये. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. दलालाने यापेक्षा बरीच मोठी रक्कम सांगितली, तर ती कशाकशाची आहे, असे विचारायला संकोच करू नये.

हल्ली ही नोंदणी संगणकावर होते. घरी माणूस येतो, छायाचित्र काढतो आणि यंत्रावर अंगठा घेतो. पूर्वी अंगठा ही निरक्षर माणसाची खूण होती. आज पदवीधरही अंगठा लावतो! म्हणूनच अंगठा लावण्यापूर्वी कराराचा मसुदा मागून घ्यावा आणि घरात बसून शांतपणे वाचावा. भाडे किती, ते कोणत्या तारखेला द्यायचे, मुदत कधी संपते, वीज-पाण्याचे पैसे कोणी भरायचे, घर सोडायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे पाच प्रश्न विचारत वाचावे.

मसुदा मराठीत असला, तरी घाबरण्याचे कारण नाही. त्यातील शब्द नीट पाहा: करारनामा, दस्तऐवज, मुदत, रक्कम, मालक, कब्जा, तारीख, हरकत. हे शब्द तुम्ही घरी उर्दूत ऐकलेले आहेत. शेकडो वर्षांच्या राज्यकारभारातून ते मराठीत आले आणि येथलेच झाले. काही शब्दांचा अर्थ मात्र बदलला आहे. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा वाद. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. मराठीत तक्रार-अर्ज देणारा माणूस भांडायला आलेला नसतो. 'लिहून देणार' म्हणजे घरमालक आणि 'लिहून घेणार' म्हणजे आपण, एवढे नवे शब्द शिकले, की पुष्कळसा करार समजतो.

करारानंतरही काही कागद सांभाळावे लागतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला घरमालक कळवतो. त्याची एक प्रत मागून घ्यावी. दर महिन्याच्या भाड्याची पावती घ्यावी किंवा भाडे बँकेतून द्यावे. पैसे दिल्याचा पुरावा नसला, की दिलेले भाडेही न दिल्यासारखे होते.

सर्वांत शेवटी अनामत रकमेची अट पुन्हा एकदा वाचावी. मराठीतील 'अनामत' हा शब्द आपल्या 'अमानत' या शब्दापासून आला आहे. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली, परत करायची वस्तू. ती रक्कम घर सोडताना किती दिवसांत परत मिळेल आणि तिच्यातून काय वजा होईल, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. शब्दाचा अर्थ तुम्हांला ठाऊक आहेच. तो कागदावर उतरला आहे का, एवढेच पाहायचे आहे.