वतन, विसार आणि आपण

आज एकाच शब्दावर बोलतो: वतन.

आपल्या संभाजीनगरात प्लॉट घ्यायचा ठरला की आधी इसार देतात, इसारपावती होते. थोडी रक्कम आत्ता, आणि बाकीची नक्की देणार हा शब्द. इफिसकरांस पत्रात (१:१४) पौल हेच सांगतो: पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा 'विसार' आहे. विसार म्हणजेच आपला इसार. मूळ ग्रीक शब्द 'अर्राबोन', तोही व्यवहारातलाच.

पण 'वतन' म्हटलं की मराठवाड्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत जुन्या माणसांना दुसरंच आठवतं: महार वतन. तुकडाभर जमीन, आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या गावाची चाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा बदलायला विधेयक मांडलं, ते या जोखडातून सुटका व्हावी म्हणूनच.

देवाचं वतन याच्या अगदी उलट. गलतीकरांना (४:७) पौल समजावतो की तुम्ही आता दास नाही, लेकरं आहात, म्हणून वारस आहात. हे वतन जात बघून मिळत नाही, राबून फेडावंही लागत नाही.

मग ते फक्त मेल्यावरच का? नाही ना! पूर्ण ताबा पुढे आहे, पण इसार आजच हातात आहे. म्हणून गावात किंवा मंडळीत कुणी तुम्हाला कमी लेखलं, तर मान खाली घालू नका. वारसदार ताठ उभा राहतो, आणि शेजारच्यालाही वारसदारच मानतो.

घरी आजीला विचारा, 'वतन' म्हणजे काय होतं? भेटू पुढच्या भागात!