विसर्जनानंतरचं प्लास्टर

आषाढात लालबाग-चिंचपोकळीच्या कुठल्याही गणपती कारखान्यात शिरा, आधी पाय पांढरे होतात. पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या शेडखाली प्लास्टरच्या गोण्या रचलेल्या असतात आणि कालवणाऱ्याला मान वर करायची फुरसत नसते. पाण्यात पडलेलं प्लास्टर कुणासाठी थांबत नाही, काही मिनिटांत घमेल्यातच दगड होतो. साच्याला आतून पहिला हात पातळ, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या काथ्याचे थर, मग पुन्हा जाड लेप. हात, कान, सोंड वेगळ्या साच्यांतून काढून नंतर जोडायची. मूर्ती आतून पोकळ. उंच असली तर पोटात बांबू, लाकूड, लोखंडी सळया. नंतर घासकाम, रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती मात्र मोजक्या हातांनाच दिली जाते.

या सगळ्या कष्टाला आयुष्य किती? फार तर अकरा दिवस. पुढे मूर्तीचं काय होतं, हा प्रश्न कारखान्याचा नसतो, मंडळाचाही नसतो. आजच्या साऱ्या घोळाचं मूळ तिथेच आहे, असं माझं मत आहे.

चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेशगल्लीचं मंडळ १९२८ चं. लालबागचा राजा १९३४ चा. पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाल्यावर हक्काची जागा मिळावी म्हणून कोळी आणि इतर विक्रेत्यांनी केलेल्या नवसातून तो बसला. १९७७ मध्ये दीनानाथ वेलिंग मास्तरांनी गणेशगल्लीसाठी २२ फुटांची मूर्ती घडवली आणि उंचीची हौस गिरणगावाच्या अंगात भिनली. पुढे विजय खातूंसारख्या मूर्तिकारांनी ती मुंबईभर नेली. ती पेलली प्लास्टरने. शाडू जड, वाळताना तडकणारा; त्याच्या वीस फुटी मूर्तीची मिरवणूक लालबागच्या उड्डाणपुलाखालून काढायची म्हणजे जीव मुठीतच.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. देशातलं बहुतेक जिप्सम राजस्थानातून निघतं. साधारण दीडशे अंशांना तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. कारागीर तिच्यात पाणी ओततो तेव्हा ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. म्हणजे मंडपात बसलेला बाप्पा रासायनिकदृष्ट्या राजस्थानच्या खाणीतलाच दगड असतो. तो पुन्हा भाजला तर पुन्हा प्लास्टर. चुना करायला नऊशे अंशांच्या आसपास भट्टी लागते आणि दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. इथे दगडातून फक्त वाफ सुटते. कार्बन लागतो तो भट्टीच्या इंधनापुरता. चक्राकार अर्थव्यवस्थेवर परिसंवाद झडतात, पण सबंध चक्र इतक्या सहज पुरं करणारे पदार्थ फार थोडे. त्याच पदार्थाला आपण पर्यावरणाचा खलनायक ठरवून बसलो आहोत.

खलनायक तो आहेही, पण पाण्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. कोरोना, मूर्तिकारांची पोटं, निवडणुका यांत अंमलबजावणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोर करायला सांगितली आणि माघी गणेशोत्सवातल्या काही उपनगरी मंडळांच्या मूर्ती विसर्जनाविना अडकल्या. त्यांतल्या काही थेट ऑगस्टपर्यंत. दरम्यान डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे विषय गेला. जूनमध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा मिळाली. २४ जुलैला ठरलं, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच जातील. पालिकेने त्या वर्षी अडीचशेहून अधिक तलाव उभारले.

आता या तलावांचं गणित पाहू. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. शंभर किलोची मूर्ती पुरती विरघळवायची तर चाळीस हजार लिटर पाणी हवं, म्हणजे दहा हजारी टँकर चार, तेही एका मूर्तीला. वर रंगाचं कवच असतंच. त्यामुळे तलावात विसर्जन होतं ते श्रद्धेचं. प्लास्टर तसंच तळाशी बसतं आणि बाहेर काढावं लागतं. २०२५ च्या गणेशोत्सवात मुंबईत मिळून जवळपास दोन लाख मूर्तींचं विसर्जन झालं, आणि तलावांतून निघालेलं प्लास्टर दोन हजार टनांच्या घरात गेलं. ते समुद्रात गेलं नाही, ही मोठीच गोष्ट. पण ढीग मात्र खरा आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी घरगुती तोडगा काढला, तो पुणेकरांना पाठ आहे. बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती बुडवायची; तळाशी चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरतं. महापालिका ही पावडर वाटतेही. हात-दीड हात मूर्तीला उपाय छानच. फक्त प्लास्टरच्या जवळजवळ वजनाइतकीच पावडर लागते, आणि दहा किलो प्लास्टरमागे सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो, तो खर्च वेगळा. दोन हजार टनांना हीच रीत लावायची म्हटली तर पावडरीच्याच मालगाड्या मागवाव्या लागतील. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठू, असं मुंबईने २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात जाहीर केलंय. त्या हिशेबात हा मार्ग बसत नाही.

सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे ढीग कचराभूमीत नेऊन टाकणं. जिप्सम, ओला कचरा आणि हवेचा अभाव एकत्र आले की जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा, आणि जास्त प्रमाणात तो जीवघेणा असतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसराने याच धास्तीने १९८० च्या दशकात घरबांधणीतले जिप्समचे तक्ते कचराभूमीत घ्यायला बंदी केली. बंदी आली तसा तक्त्यांवरचा कागद सोलून जिप्सम परत कारखान्याला विकणारा धंदाच तिथे उभा राहिला. म्हणून निर्माल्याचा कलश वेगळा ठेवणं ही नुसती शिस्त नाही. निर्माल्य खताकडे आणि प्लास्टर भट्टीकडे, या दोन वाटा एकत्र आल्या की दोन्ही वाया.

तक्त्यावरचा कागद सोलता येतो. मूर्तीवरचा रंग, आतला काथ्या आणि सळई सोलायची कशी? खरी अडचण ही आहे, आणि ती समुद्रकिनारी नव्हे, जूनमध्ये लालबागच्या शेडमध्ये सुटणारी आहे. सळया नटबोल्टने जोडल्या, सांगाडा सुटा काढता आला, रंग पाण्यात निघणारे वापरले, तर उरलेलं प्लास्टर दळून भाजण्याजोगं राहतं. तेवढं शुद्ध नसलं तरी हरकत नाही. सिमेंट पटकन घट्ट होऊ नये म्हणून क्लिंकरबरोबर तीन ते पाच टक्के जिप्सम दळावंच लागतं, आणि ते काही मखरात बसवायचं नसतं. पण मंडळ मूर्तिकाराला सांगतं ते उंची, आसन आणि चेहरा. सांगाडा परत मिळेल का, हे विचारणारा कार्यकर्ता मला तरी भेटलेला नाही.

शाडूवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. शाडू विरघळत नाही, विखुरतो. शेवटी गाळ तो गाळच. तो बहुतांशी गुजरातेतून, भावनगरकडून खणून, ट्रकात भरून येतो. मुंबई महापालिका मूर्तिकारांना शेकडो टन शाडू फुकट देते, याने कारागिराला हात मिळतो, खाणीला नाही. तरी शाडूचं एक मोठं सुख आहे: भट्टीच नको. पुण्यात इकोएक्झिस्ट संस्थेच्या पुढाकाराने २०२० पासून चाललेल्या ‘पुनरावर्तन’ मोहिमेत घरोघरी विसर्जित झालेली माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. माती भिजवायची, गाळायची, मळायची की नवा गणपती. फक्त तीत प्लास्टरची एखादी मूर्ती मिसळली की सगळा घाणा बिघडतो, म्हणून मोहिमेतल्या स्वयंसेवकांचा निम्मा वेळ ‘ही नक्की शाडूचीच ना?’ हे विचारण्यात जात असणार.

राहिले सहा फुटांच्या वरचे. त्यांना २०२५ मध्येही समुद्र मोकळा होता. त्या वर्षी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीला पोचला तेव्हा भरतीने गाठलं. नवा तराफा आणि मूर्ती यांचा मेळ बसेना, आणि ७ सप्टेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं. तासन्‌तास टीव्हीला डोळे लावून बसलेल्या महाराष्ट्राने त्यावर शकुन-अपशकुनाच्या चर्चा केल्या. तराफ्यावर किती टन काय आहे आणि ते उद्या कुठे जाणार, यावर मात्र कुणी बोललं नाही.

पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीची मोठी मूर्ती कायमची असते. विसर्जन होतं ते छोट्या पूजेच्या मूर्तीचं. लालबागला हे सांगून पाहिलं की दोन उत्तरं येतात. एक, आमचा राजा दरवर्षी नव्याने येतो, आगमनाशिवाय गणपती कसला? दुसरं उत्तर कारखान्यातून येतं आणि ते मला जास्त वजनदार वाटतं. मूर्ती कायमची झाली तर साचेवाल्यापासून आखणीवाल्यापर्यंत माणसं पावसाळाभर खाणार काय? गिरण्या गेल्यावर या गल्ल्यांत हाताला काम देणारे जे थोडे धंदे टिकले, त्यांतला हा एक. म्हणून मला मधली वाट बरी वाटते: सांगाडा आणि धड मंडळाच्या मालकीचं, वर्षानुवर्षं वापरायचं, चेहरा, हात, वस्त्रं, रंग दरसाल त्याच कारागिराने नव्याने करायचे. विसर्जनानंतर उतरवलेलं प्लास्टर वजन करून परत घ्यायची अट मंडळाच्या करारात घालायची आणि त्याचे पैसे मूर्तीच्या बिलातच धरायचे. लालबागच्या एखाद्या मोठ्या मंडळाने एका वर्षी एवढी एक ओळ करारात लिहिली, तर बाकीची मंडळं ईर्ष्येनेच ती लिहितील. इथे उंचीचं वेडही तसंच पसरलं होतं.