खुली संहिता आणि विद्यार्थी

संगणक सुरू करताच पडद्यावर अक्षरे उमटतात. परंतु त्यामागील व्यवस्थेचा विचार आपण क्वचितच करतो. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामास द्यावा, कळफलकावरील अक्षर पडद्यापर्यंत कसे न्यावे, हे पाहणाऱ्या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. काही कंपन्या तिची मूळ संहिता गुप्त ठेवतात. काही ऑपरेटिंग सिस्टिम मात्र कोणीही वाचाव्या, सुधाराव्या व इतरांस द्याव्या, अशा खुल्या आहेत. त्यांच्या उभारणीत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणाने १९९१ च्या ऑगस्टमध्ये, आपण छंद म्हणून अशी प्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर करून इतरांच्या सूचना मागविल्या. तीच लिनक्स होय. १९९२ साली तिला जीपीएल हा परवाना लागू झाला. सुधारलेली प्रत जो दुसऱ्यास देईल, त्याने तिची संहिताही दिली पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक याने लिनक्सवर आधारलेला डेबियन हा प्रकल्प आरंभिला.

या कामाची रीत साधी, पण कडक आहे. प्रथम संहिता वाचावी, एखादा दोष हेरावा व त्यापुरतीच लहानशी दुरुस्ती करावी. तिला पॅच म्हणतात. दुरुस्ती का हवी, हे लिहून ती त्या भागाच्या व्यवस्थापकाकडे पाठवावी. तो आक्षेप घेतो. पुन्हा लिहावे लागते. कधी ती नाकारलीही जाते. स्वीकारली गेल्यास लेखकाचे नाव संहितेच्या इतिहासात नोंदले जाते. तेथे पदवीपेक्षा दुरुस्तीचे गुण पाहिले जातात.

संहिता लिहिता येत नसेल, तरी चाचणी, माहितीपत्रके व भाषांतर ही कामे असतातच. डेबियन संगणकावर बसविताना दिसणारे संदेश मराठीतही आहेत, ते अशाच स्वयंसेवकांमुळे. नव्या आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात. कोणी मराठी न केल्यास ती इंग्रजीतच राहतात. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. सुटीत एका प्रकल्पाची चार वाक्ये जरी आम्ही नीट मराठीत आणली, तरी ती आमच्यानंतर येणाऱ्या मुलांच्या पडद्यावर दिसतील.