दुसऱ्या भागाचं परीक्षण: आधी जुनी उधारी काढा

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ २०२० साली आला. आता त्याचा पुढचा भाग ‘राजी: कलियुग’ जाहीर झालाय. तो हाती आला की ‘ग्राफिक्स मस्त, स्टोरी ठीक, दहापैकी आठ’ एवढ्यावर भागवणारी परीक्षणं ढिगानं येतील. एकट्यानं खेळायच्या, कथेवर चालणाऱ्या ॲक्शन गेमचा दुसरा भाग मात्र असा सुटा पारखता येत नाही. पहिल्या भागानं काय बाकी ठेवलं होतं आणि दुसऱ्यानं त्यातलं काय चुकतं केलं, हे आधी पाहावं लागतं.

म्हणून पहिलं काम यादीचं. ‘राजी’त कसरती करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो आणि दुर्गा-विष्णूच्या संवादातून गोष्ट पुढे सरकते. राजस्थानी धाटणीचे वाडे आणि बाहुल्यांच्या खेळासारखे सांगितलेले प्रसंग लोकांना आवडले. तक्रारी दोन होत्या: लढाई अडखळते आणि शेवट मध्येच तुटल्यासारखा वाटतो. २०२२च्या सुधारित आवृत्तीत लढाई सुधारली, हिंदी आवाजही आले. तेव्हा ‘कलियुग’च्या यादीत वरचे दोन प्रश्न ठरलेले: मारामारी हाताला लागते का, आणि गोष्ट पुरी होते का?

दुसरं काम लढाई तपासण्याचं. सुरुवातीचा तासभर सगळेच गेम छान वाटतात. खरं कळतं ते मध्यावर, तोच शत्रू पाचव्यांदा समोर येतो तेव्हा. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये नेमकं हेच झालं होतं. खांब घेऊन धावणारे ट्रोल थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा भेटायचे. त्याच्या पुढच्या भागानं, २०२२च्या ‘रॅग्नारॉक’नं मोठ्या शत्रूंत विविधता आणली आणि नायक क्रेटोसच्या हाती नवा भाला दिला. ‘लढाई सुधारली’ एवढ्यानं वाचकाला काहीच कळत नाही. भाला कितव्या टप्प्यावर मिळतो, त्यानं क्रेटोसच्या जुन्या कुऱ्हाडीपेक्षा वेगळं काय करता येतं, शत्रूनं वार करण्याआधी सावध व्हायला पुरेसा इशारा मिळतो का, हे लिहिलं की कळतं.

तिसरं काम कथेचं. इथे कथानक सांगत बसायचं नाही, त्याचा वेग सांगायचा. ‘रॅग्नारॉक’मध्ये आयर्नवूडचा लांबलेला भाग अनेकांना कंटाळवाणा वाटला. सोबतची पात्रं कोड्याचं उत्तर फार लवकर सांगून टाकतात, हीही तक्रार झाली. अशा जागा रहस्य न फोडता दाखवता येतात. पहिला भाग न खेळलेल्याला गोष्ट कळेल का, हेही एका वाक्यात सांगून टाकावं.

चौथं काम खेळणाऱ्याच्या घराचं आणि दिनक्रमाचं, आणि नेमकं तेच बहुतेक परीक्षणांत गाळलं जातं. मुंबईत नाहूरच्या वन बीएचकेत टीव्ही एकच, त्यावर आधी आईची मालिका, मग पोराचा गेम. आवाज बारीक ठेवायचा म्हणजे सबटायटल्सवर भिस्त. तेव्हा सोफ्यावर बसून अक्षरं वाचता येतात का, हे पाहायलाच हवं. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’ची अक्षरं इतकी बारीक होती की नंतर अपडेट देऊन ती वाढवावी लागली. ‘रॅग्नारॉक’नं अक्षरांच्या आकारासकट साठाहून अधिक सोयी आधीच दिल्या.

हातातल्या कन्सोलवर खेळणाऱ्याची अडचण वेगळी. नाहूरला जलद गाडी थांबत नाही. धीम्या गाडीत भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर एवढ्या टप्प्यात एक झुंज संपून गेम सेव्ह होतो का? दोन चेकपॉइंटमधलं अंतर घड्याळ लावून मोजलं, तर अशा वाचकाला नेमकं उत्तर देता येतं.

किंमतही याच हिशेबात धरायची. ‘रॅग्नारॉक’ आपल्याकडे आला तेव्हा पीएस४ची प्रत ३,९९९ रुपयांना आणि पीएस५ची ४,९९९ रुपयांना होती. डिस्क घेतली तर खेळून झाल्यावर विकता येते, डाउनलोड विकता येत नाही.

शेवटी आकडा. मोठ्या गेमची प्रत समीक्षकांना आधी मिळते, पण काय आणि कधी लिहायचं याच्या अटींसकट. ‘रॅग्नारॉक’ ९ नोव्हेंबरला बाजारात आला आणि परीक्षणं ३ तारखेलाच झळकली. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ९४ झाली. २०१८च्या भागाचीही ९४च होती. ट्रोलची तक्रार मिटली, आयर्नवूडची नवी निघाली, भाला आला, अक्षरं मोठी झाली, तरी आकडा जागचा हलला नाही. म्हणून परीक्षण लिहिताना गुण सर्वांत शेवटी द्यावेत, आणि वाचताना तर ते झाकूनच वाचावं. जुन्या यादीतलं काय फिटलं आणि नवं काय साचलं एवढं त्यातून कळलं, तर पाच हजार खर्चायचे की नाही ते वाचक स्वतःच ठरवतो.