बागेतील नामपट्टिका : पत्र्यावर टिकणारे अक्षर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर राजराज चोळाच्या काळी कोरलेले तमिळ लेख हजार वर्षांनंतर आजही वाचता येतात. त्याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर सरफोजी राजे (दुसरे) यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तोही ऊन-पावसाला तोंड देत टिकून आहे. परंतु याच गावातील एखाद्या बागेत रोप लावून पत्र्याच्या पट्टीवर शाईने त्याचे नाव लिहिले, तर एकदोन उन्हाळ्यांतच ती पट्टी कोरी झालेली दिसते. ऊन तेच आणि पाऊसही तोच. मग एक अक्षर टिकते आणि दुसरे नाहीसे होते, ते का?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण बागेत नाव हरवणे म्हणजे पुष्कळदा झाडच हरवणे होय. आंब्याची दोन निरनिराळ्या जातींची कलमे लहानपणी सारखीच दिसतात. पट्टी पुसली गेली तर कोणते कलम कोणत्या जातीचे, हे फळ धरेपर्यंत कळत नाही, आणि तोवर कित्येक वर्षे गेलेली असतात. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तर धोका अधिक. मराठीत ‘शेंद्री’ हे नाव दोन अगदी निरनिराळ्या झाडांना लावले जाते : एक ज्याच्या बियांपासून शेंदरी रंग मिळतो ते, आणि दुसरे ज्याच्या फळांवरील लाल भुकटी औषधात व रंगकामात वापरतात ते कपिला. अशा वेळी नुसते ‘शेंद्री’ लिहून भागत नाही; शास्त्रीय नावही लिहावे लागते, आणि लिहिलेले टिकावे लागते.

शाई का उडते?

बाजारात ‘पक्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक शाया पाण्याने धुतल्या जात नाहीत, एवढ्याच अर्थाने पक्क्या असतात. त्यांतील रंगद्रव्य हे सेंद्रिय रेणूंचे असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमध्ये या रेणूंतील बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटले की रेणूचा रंग जातो. शाई जागेवर असते, पण दिसेनाशी होते. तंजावर हे विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम अकरा अंशांवर आहे. तेथे एप्रिल व ऑगस्ट अशा दोन महिन्यांत सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. उन्हाने पत्रा तापून प्रसरण पावतो, पावसाने निवून आकुंचन पावतो. त्यामुळे वरचा रंगाचा थर भेगाळतो, भेगांत पाणी शिरते आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो.

दगडावरील लेखाला यातले कोणतेच भय नाही, कारण तेथे रंग मुळी नाहीच. अक्षर म्हणजे दगडाच्या पृष्ठभागाचा बदललेला आकार. यावरून बागेतील पट्टीसाठीही एक सोपा नियम निघतो : अक्षर धातूवर ठेवू नये, धातूत उमटवावे.

पत्रा कोणता घ्यावा?

तेलाच्या वा बिस्किटांच्या डब्याचा पत्रा सहज मिळतो, परंतु तो या कामी निरुपयोगी आहे. तो लोखंडाचा असून त्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. मुलामा अखंड असेपर्यंतच तो लोखंडाचे रक्षण करतो. अक्षरासाठी ओरखडा काढला की त्या जागी लोखंड उघडे पडते आणि झपाट्याने गंजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे तसे नाही. जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड बचावते.

निखळ जस्त आणि ॲल्युमिनियम हे दोन पत्रे सर्वांत सोयीचे. ॲल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा, तर जस्तावर कालांतराने कार्बोनेटयुक्त करडा थर बसतो. हे थरच आतील धातूला चिलखतासारखे सांभाळतात. तांबेही दीर्घकाळ टिकते. दानपत्रांसाठी आपल्या पूर्वजांनी ताम्रपटच निवडले ते उगीच नव्हे. मात्र पत्रा ज्या धातूचा, तार शक्यतो त्याच धातूची असावी. ॲल्युमिनियमच्या पट्टीला तांब्याची तार बांधली, तर पावसाच्या पाण्यात दोहोंचा एक लहानसा विद्युत्‌घटच तयार होतो आणि पट्टी भोकापाशी खाल्ली जाऊन गळून पडते.

लिहिण्याच्या तीन रीती

पहिली रीत साध्या शिसपेन्सिलीची. नाव काही असले, तरी हिच्यात शिसे नसून ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन असतो. ग्रॅफाइट उन्हाने विटत नाही व पाण्यात विरघळत नाही. जस्ताचा पत्रा बारीक घासकागदाने खरवडून त्यावर मऊ पेन्सिलीने लिहिले, तर ग्रॅफाइटचे कण खडबडीत पृष्ठभागात रुतून बसतात. विशेष म्हणजे विमानबांधणीत ॲल्युमिनियमच्या भागांवर पेन्सिलीने खूण करणे निषिद्ध मानतात, कारण ओलाव्यात ग्रॅफाइटच्या सान्निध्याने धातू खाल्ला जातो. तेथे जो दोष, तो बागेत उपकारक ठरू शकतो.

दुसरी रीत रासायनिक. मोरचुदाचे द्रावण काडीच्या टोकाने स्वच्छ जस्तावर लावले की अक्षर पाहता पाहता काळे पडते. जस्त अधिक क्रियाशील असल्याने ते द्रावणात जाते, आणि मोरचुदातील तांबे त्याच्या जागी सूक्ष्म कणांच्या रूपाने बसते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील माळी जंगाल, नवसागर व काजळी पाण्यात कालवून जस्ताच्या पट्ट्यांसाठी याच तत्त्वावरची शाई बनवीत. शाळेत हा प्रयोग करण्यासारखा आहे. मात्र मोरचूद विषारी असल्याने तो शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा व नंतर हात धुवावेत.

तिसरी रीत दाबून उठाव देण्याची, आणि तंजावरला ती परकी नाही. तेथील प्रसिद्ध कलाताटांवर चांदीच्या पातळ पत्र्यातून देवतांच्या आकृती उठावाने काढलेल्या असतात. तेच तत्त्व पट्टीलाही लावता येते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने जोर देऊन लिहावे. अक्षर पत्र्यात खोल उमटते. त्यात रंग नसल्याने उडण्यासारखे काहीच उरत नाही. धूळ बसली तरी बोटाने पुसून, किंवा नुसते चाचपूनही ते ओळखता येते.

पट्टी खोडाभोवती आवळून बांधू नये. खोड जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि सालीतून होणारा अन्नरसाचा प्रवाह अडतो. फांदीला सैल वेढा द्यावा किंवा पट्टी जमिनीत खुंटीवर बसवावी.

काय लिहावे?

अक्षर टिकले, तरी नाव टिकतेच असे नाही. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी तरंगमबाडी येथे त्या काळी डेन्मार्कची वसाहत होती. लिनीअसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ साली तेथे आला आणि १७८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत दक्षिण भारतात वनस्पती गोळा करीत राहिला. रोजच्या फोडणीतला कढीपत्ता शास्त्रीय नावात त्याचीच आठवण बाळगतो. या झाडाला दीर्घकाळ ‘मुराया कोनिगी’ म्हणत. आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ ‘बर्गेरा कोनिगी’ म्हणतात. क्योनिगच्या मागून आलेल्या रॉटलर या धर्मोपदेशकाचे नाव वर उल्लेखिलेल्या कपिलाच्या झाडाला ‘रॉटलेरा’ म्हणून मिळाले होते. वर्गीकरण बदलले आणि आज ते झाड ‘मॅलोटस’ या प्रजातीत गणले जाते.

म्हणून वनस्पतिउद्यानांत प्रत्येक झाडाला एक नोंदक्रमांक देतात. पट्टीवर क्रमांक व नाव असते, तर वहीत त्या क्रमांकासमोर झाड कोठून आले, केव्हा लावले, कोणी ओळखले, स्थानिक नावे कोणती, हा तपशील असतो. नाव बदलले की पट्टी बदलावी. क्रमांक कधीच बदलू नये. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक आणि सूचीतील नोंद यांचे जे नाते, तेच येथेही असते. सूची नसलेल्या ग्रंथालयात पुस्तक असूनही सापडत नाही. पट्टी नसलेल्या बागेत झाड समोर असूनही त्याची ओळख पटत नाही.

शाळेच्या आवारातील दहा झाडांपासूनही हे काम आरंभता येईल. पत्र्याचे दहा तुकडे, शाई संपलेले एक बॉलपेन आणि एक वही एवढेच त्याला पुरे. आज ज्या मुलाने कडुनिंबाच्या रोपाचा क्रमांक पत्र्यात दाबून लिहिला, त्याच्या मुलांनाही तो वाचता यावा, एवढीच या पट्टीकडून अपेक्षा आहे.